नित्यानुभव आणि ललित निर्मिती

१

लेखनाची प्रेरणा कोठून मिळते, या प्रश्नाला होतकरू लेखकांपुढे एक सोपे उत्तर नेहमी ठेवले जाते. प्रेरणा रोजच्या जगण्यातच आहे. डोळे उघडे ठेवावेत, जवळ एक वही बाळगावी, चहाचा पेला, बसथांबा, पावसाची सर यांवरून जे सुचेल ते टिपून ठेवावे, म्हणजे लेखन साधेल आणि जगणेही समृद्ध होईल, असे हे उत्तर आहे. ते चुकीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने एकदा दाखवूनही दिले आहे. चहाचा पेला सर्वांच्याच समोर असतो. मग त्यातून एखाद्यालाच काही मिळावे आणि इतरांना काहीच मिळू नये, असे का होते? ज्याला ते मिळते त्याच्या जगण्यात त्यामुळे खरोखर काही फरक पडतो काय? या दोन प्रश्नांचा विचार काही मराठी उदाहरणांच्या आधारे करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराचा आरंभ आपल्या काव्यशास्त्रापासून करणे सोयीचे होईल. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याच्या उत्पत्तीला कारण म्हणून तीन गोष्टी सांगितल्या आहेत: शक्ती, म्हणजे उपजत प्रतिभा, लोक, शास्त्र आणि काव्य इत्यादींच्या अवेक्षणाने येणारी निपुणता, आणि काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीनुसार केलेला अभ्यास. ही तीन स्वतंत्र कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होते, असेही त्याने आवर्जून म्हटले आहे. या यादीत ‘लोक’ प्रथम येतो, आणि त्याचा अर्थ चराचर सृष्टीचा व्यवहार असा केला जातो. म्हणजे आपण ज्याला नित्यानुभव म्हणतो, त्याला शास्त्राच्या आणि पूर्वसूरींच्या काव्याच्याही आधी स्थान मिळालेले आहे. परंतु येथे विशेष लक्ष वेधून घेतो तो ‘अवेक्षण’ हा शब्द. अवेक्षण म्हणजे केवळ दृष्टीस पडणे नव्हे. लक्षपूर्वक पाहणे, काळजी वाहणे, एखाद्या गोष्टीचा विचार ठेवणे, अशा छटा या धातूच्या पोटात आहेत.

आपल्या बोलीतही हीच जोडणी सहजपणे झालेली दिसते. “म्हाताऱ्या सासूला धाकटी सून बघते”, “शेती आता थोरला पाहतो”, “दोन दिवस घराकडे बघा” अशी वाक्ये आपण रोज ऐकतो. या वाक्यांतील बघणे डोळ्यांपुरते नाही. ते सांभाळणे आहे. जे सांभाळावे लागते तेच खऱ्या अर्थाने पाहिले जाते, असा एक अनुभव भाषेने येथे साठवून ठेवला आहे. नित्याचे जीवन लेखकाला केव्हा प्रेरणा देते, या प्रश्नाचे उत्तर याच दुहेरी अर्थाच्या आसपास सापडेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सामग्रीच्या शोधात बाहेर पडलेल्याला नित्य फारसे काही देत नाही. जो कामाने, ज्ञानाने किंवा जबाबदारीने त्याच्याशी आधीच बांधला गेला आहे, त्याला ते पुष्कळ देते.

२

याची उलट बाजू पाहावयाची असेल, तर लघुनिबंधाचा इतिहास पुरेसा बोलका आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांच्या लेखनाने हा प्रकार मराठीत रुजला. फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’, काणेकरांची ‘पिकली पाने’, खांडेकरांच्या ‘वायुलहरी’ ही नावेच या लेखनाचा हलका, जवळिकीचा सूर सुचवितात. या लेखकांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यापूर्वीचा मराठी निबंध बहुधा व्यासपीठावरून बोलत असे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि शिवराम महादेव परांजपे यांचा निबंध समाजाला उद्देशून होता. लघुनिबंधाने गद्याला आरामखुर्चीत आणून बसविले, आणि कोणतीही क्षुल्लक वस्तू वाङ्मयाचा विषय होऊ शकते, हे वाचकाच्या मनावर ठसविले. नित्याला वाङ्मयात प्रवेश मिळवून देण्याचे हे कार्य लहान नव्हते.

तथापि हा प्रकार लवकरच साचेबंद झाला, हे टीकाकारांनी वारंवार नोंदविले आहे. हे का घडले, याची कारणमीमांसा करताना लेखकांची प्रतिभा कमी पडली, अनुकरण फार झाले, असे सांगितले जाते. ते खरे असले तरी मूळ दोष विषयाशी असलेल्या नात्यात होता. लघुनिबंधात वस्तू ही निमित्त असते. लेखक तिच्यापाशी क्षणभर थांबतो, तिच्यावरून एखादी चमत्कृतिपूर्ण कल्पना मांडतो, दोन-तीन उलटसुलट उदाहरणे देतो, आणि अखेरीस मानवी जीवनाविषयीच्या एखाद्या सौम्य सत्यापाशी पोहोचतो. वस्तू मागे राहते. पुढे उरते ते लेखकाचे प्रसन्न व्यक्तिमत्त्व. व्यक्तिमत्त्व रसरशीत असेल तोवर हे वाचनीय असते. परंतु त्या व्यक्तिमत्त्वाला वस्तूकडून नवे काही मिळत नसल्यामुळे पाचव्या-सहाव्या निबंधात ते स्वतःचीच पुनरुक्ती करू लागते.

या दोषाची एक साधी परीक्षा सुचविता येईल. नित्याच्या वस्तूवरील एखादे लेखन घ्यावे, आणि त्या वस्तूच्या जागी मनाने दुसरी ठेवून पाहावी. छत्रीच्या ठिकाणी चष्मा ठेवूनही निबंधाचा सांगाडा, त्याचे वळण आणि त्याचा समारोप तसाच उभा राहत असेल, तर लेखकाने छत्री पाहिलीच नव्हती असे समजावे. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ या आपल्या छोटेखानी ग्रंथात कलावंताच्या आत्मनिष्ठेला मोठे महत्त्व दिले. लघुनिबंधात ‘आत्म’ होता. निष्ठा मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या प्रसन्नतेवरच होती. आत्मनिष्ठा आणि आत्मरंजन यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

३

आता याच परीक्षेसाठी एक अगदी वेगळे उदाहरण घेऊ. जात्यावरची ओवी ही महाराष्ट्रातील नित्यातून जन्मलेली सर्वांत विपुल काव्यरचना होय. तिचे प्राचीनत्वही मोठे आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडणाच्या वेळी ओवी गातात, असा उल्लेख सापडतो. ज्ञानदेवांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस गीतेवरील टीकेसाठी ओवीचेच ग्रंथरूप स्वीकारले. म्हणजे मराठीतील सर्वश्रेष्ठ तत्त्वकाव्याचा छंद उखळ-मुसळाच्या आणि जात्याच्या शेजारचा आहे.

ही ओवी कशी निर्माण होत असे, याचा विचार करताना त्या कामाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. ज्वारी-बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही. बाजरीचे तर लवकरच कडवट होते. म्हणून दळण वारंवार, बहुधा रोज, आणि दिवसाची इतर कामे सुरू होण्यापूर्वी करावे लागे. पहाटेच्या काळोखात एक-दोन स्त्रिया जात्याशी बसत. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने धान्याचा घास. दगडाची घरघर एकसारखी, आणि श्वासही तिच्याशी जुळलेला. शरीर पूर्णपणे गुंतलेले, परंतु मन आणि कंठ मात्र मोकळे. सासुरवाशिणीला दिवसभरात स्वतःचे म्हणून जे थोडे बोलता येई, ते बहुधा याच वेळी. त्यामुळे ओवीत भाऊ येतो, माहेरची वाट येते, लेक येते, सीता येते, पंढरीचा विठ्ठल येतो. आणि पुढे बाबासाहेब आंबेडकरही येतात. जात्याचा फेरा ओवीच्या लयीला धरून ठेवतो, आणि ओवी दळणाऱ्या बाईला धरून ठेवते.

जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळू लागतो, शेण-गोवऱ्या वेचू लागतो, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. याचा अर्थ भक्ताच्या घरी देव राबतो, एवढाच लावला जातो. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. जनी देवाच्या भेटीसाठी काम टाकून उठत नाही. देवालाच जात्याशी बसावे लागते, कारण दळण थांबू शकत नाही. तिच्या काव्याची प्रतिमा तिच्या जबाबदारीने ठरविलेली आहे. येथे जात्याच्या जागी दुसरी वस्तू ठेवून पाहावी. काव्य तत्काळ कोसळते.

या ओव्या गोळा करण्याचे मोठे कार्य झालेले आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये स्त्रियांच्या ओव्या संग्रहित केल्या. पुढे गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तो संग्रह २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेतर्फे ध्वनी, संहिता आणि भाषांतर अशा रूपांत प्रसिद्ध होत आहे. परंतु ओवीची निर्मिती मात्र थांबली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेडोपाडी पिठाच्या गिरण्या आल्या, आणि जाते कोपऱ्यात गेले. हे चांगले झाले, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. दळणाचे कष्ट ज्यांनी कधी उपसले नाहीत त्यांनीच जात्याविषयी हळहळ व्यक्त करावी, हा एक क्रूर विनोद होईल. कित्येक ओव्यांत त्या कष्टांविषयीचीच तक्रार आहे. मात्र त्यामुळे अभ्यासकापुढील प्रश्न सुटत नाही. सक्तीच्या कामात मिळालेला मनाचा मोकळा वेळ काव्याला कारण झाला होता. काम गेले तेव्हा तो वेळही गेला काय, की तो दुसरीकडे कोठे वळला, याचा शोध आपण फारसा घेतलेला नाही.

४

ओवीच्या या सामूहिक परंपरेतून एक व्यक्तिगत प्रतिभा कशी वर येते, हे बहिणाबाई चौधरी यांच्या रचनांत दिसते. १८८० साली खानदेशात जळगावजवळ असोदे येथे त्यांचा जन्म झाला. १९५१ साली त्या निवर्तल्या. त्या निरक्षर होत्या. तरुण वयात वैधव्य आले, आणि शेत व मुले दोन्ही त्यांनाच बघावी लागली. काम करता करता त्या जे रचून म्हणत, त्यातील काही भाग त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, आणि एक आप्त यांनी लिहून घेतला. त्यांच्या मृत्यूनंतर आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जे टिपले गेले तेवढेच उरले.

त्यांच्या गाण्यांचे विषय पाहिले तर ती जणू शेतकरी घराच्या कामांची जंत्रीच वाटावी. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, मोट, घरोट, चूल; आणि या सर्वांबरोबर झाडावर लोंबणारा सुगरणीचा खोपा. प्रश्न असा की, ही जंत्री काव्य कशामुळे होते? सामान्यतः उत्तर दिले जाते ते उपजत प्रतिभेचे, किंवा साध्या जीवनातील सहज तत्त्वज्ञानाचे. प्रतिभा तर मान्यच आहे. परंतु खोप्याच्या कवितेत चोच हेच त्या पक्ष्याचे एकमेव हत्यार आहे याचे जे विस्मय आहे, ते दुरून पक्षी पाहणाऱ्याचे नाही. स्वतःच्या हातांनी रोज काहीतरी उभे करणाऱ्या, हत्यार अपुरे असले की काय होते हे जाणणाऱ्या बाईचे ते आहे. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला दिलेली ती दाद आहे. मोटेकडे पाहतानाही त्यांच्या नजरेत नाडा, चाक, बैल आणि पाणी यांचा परस्परसंबंध आधी असतो. जीवनाविषयीचा विचार त्या यंत्रणेतून नंतर आपोआप वर येतो, जसे पाणी विहिरीतून वर यावे. लघुनिबंधकार वस्तूपासून विचाराकडे उडी मारतो. बहिणाबाई वस्तूचे काम पूर्ण होऊ देतात.

हा भेद शैलीचा नाही. तो ज्ञानाचा आहे, आणि हे ज्ञान जबाबदारीतून आलेले आहे. उपणणीच्या वेळी वारा पडला तर धान्य आणि भूस वेगळे होत नाही. म्हणून वाऱ्याकडे पाहणे हे त्यांच्या दृष्टीने काव्यमय निरीक्षण नव्हते, ती गरज होती. गरजेने पाहिलेले इतके अचूक होते, म्हणूनच ते काव्याच्या उपयोगी पडले.

५

येथे असा आक्षेप येईल की, हे सर्व कृषिजीवनाला ठीक. ज्याच्या वाट्याला जाते नाही, मोट नाही, अशा शहरी, सुशिक्षित लेखकाने काय करावे? या आक्षेपाला दोन लेखिकांच्या उदाहरणाने उत्तर देता येईल. मम्मटाच्या यादीत लोकाच्या पाठोपाठ शास्त्र येते. शास्त्र हेही अवेक्षणाचे एक रूप आहे; तेही मनुष्याला वस्तूशी बांधून घेते.

इरावती कर्वे या मानववंशशास्त्रज्ञ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. त्यांचा ‘परिपूर्ती’ हा संग्रह १९४९ साली निघाला, आणि मराठी ललितनिबंधाने लघुनिबंधापासून वेगळी वाट धरल्याचे त्यातून स्पष्ट झाले. त्यातील ‘वाटचाल’ या लेखात त्या पंढरीच्या वारीबरोबर चालल्या आहेत. त्या भारावतात, लोकांच्या प्रेमाने हेलावतात. पण दिंडीत जेवणाच्या पंक्ती जातीनुसार वेगळ्या बसतात, हे त्यांच्या अभ्यासू डोळ्यांतून सुटत नाही, आणि सुटत नाही म्हणून सलते. संशोधकाची नोंद आणि सहयात्रीची वेदना एकाच वाक्यप्रवाहात येतात. भक्तीचा केवळ गौरव करणाऱ्याला हा लेख लिहिता आला नसता. केवळ पाहणी करणाऱ्यालाही नाही. संग्रहाला नाव देणाऱ्या लेखात एका सभेत थोर सासऱ्यांची सून, विद्वान पतीची पत्नी असा त्यांचा परिचय करून दिला जातो, आणि तरी त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. पुढे रस्त्यातून जाताना काही मुले त्यांच्याकडे बोट दाखवून, आपल्या वर्गातील मुलाची ही आई, असे आपसांत म्हणतात, तेव्हा तो परिचय पूर्ण होतो. प्रसंग किती साधा आहे. परंतु नातेसंबंधांच्या रचनेचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या विदुषीलाच त्यातील नेमकी गंमत आणि नेमकी व्यथा दिसू शकली.

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांवर बारा लेख, अशी त्याची रचना आहे. निसर्गवर्णन मराठीत पूर्वीही भरपूर होते. ते पुष्कळदा वसंत म्हणजे कोकिळा आणि वर्षा म्हणजे मोर अशा ठरीव संकेतांवर चाले. दुर्गाबाईंनी संकेत बाजूला ठेवून झाडे पाहिली. कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाची पाने गळतात, कोणाला त्याच वेळी पालवी फुटते, कोणता रंग किती दिवस टिकतो, याचे एक स्वतंत्र पंचांगच त्यांनी सिद्ध केले. लोकसाहित्याच्या आणि संस्कृत काव्याच्या व्यासंगामुळे प्रत्येक नोंदीमागे स्मृतीचे थर आहेत. परंतु मूळ बळ आहे ते वर्षभर त्याच झाडांकडे परत परत जाण्यात. वर सांगितलेली परीक्षा येथे लावून पाहावी. फाल्गुनाच्या लेखात श्रावणाला बसविता येणार नाही.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या दोघींपैकी कोणीही लेखनासाठी विषय शोधत हिंडली नाही. एकीला समाजाचे, दुसरीला लोकपरंपरेचे वेड आधीपासून होते. ललित लेखन हे त्या वेडाचे अतिरिक्त पीक होते.

६

एवढ्याने विवेचन संपविले तर ते एकांगी होईल. नित्यातील सौंदर्याचा गौरव करताना आपण हे विसरतो की, पुष्कळांच्या वाट्याला आलेले नित्य हे अपमानाचे आणि उपासमारीचे होते. ज्याला रोज पाणवठ्यावरून हाकलले जाते, त्याला रोजच्या जगण्यातील आनंद शोधण्याचा उपदेश करणे ही अरसिकता तर आहेच, शिवाय तो अन्यायही आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये, आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. या आत्मकथनांनी मराठीतील ‘नित्य’ या संकल्पनेचीच फेरमांडणी केली. त्यांतही चूल आहे, भाकर आहे, पाणी आहे, सण आहेत. परंतु चूल का पेटली नाही, भाकर कोणाच्या दारातून मागून आणली, पाणी कोणी वरून ओतले, हे प्रश्न त्या वस्तूंना चिकटून येतात.

बेबीताई कांबळे यांचे उदाहरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. संसाराला हातभार म्हणून चालविलेल्या छोट्या दुकानात बसल्या बसल्या, घरच्या माणसांपासून लपवून, त्यांनी हे लेखन केले, आणि ते अनेक वर्षे लपवूनच ठेवले. महार वस्तीतील बायांचे बाळंतपण, सासुरवास, भूक आणि जत्रा यांचे तपशील त्यांनी ज्या बारकाईने दिले आहेत, ती बारकाई बहिणाबाईंच्या बारकाईहून जातीने वेगळी नाही. दोन्ही ठिकाणी पाहणे हे सांभाळण्याशी बांधलेले आहे. फरक असा की, बेबीताईंना आपल्या माणसांचे जे सांभाळावयाचे होते, त्यात त्यांच्या दुःखाची साक्षही होती. ती कोणी लिहिली नसती तर नाहीशी झाली असती.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. अवेक्षण म्हणजे संमती नव्हे. नित्याकडे लक्षपूर्वक पाहणारा ते जसे आहे तसे गोड मानून घेतो, ही समजूत टाकून दिली पाहिजे. उलट बारकाईने पाहिल्यावाचून त्यातील अन्यायाचे नाव घेता येत नाही. इरावतीबाईंना वेगळ्या पंक्ती सलल्या, त्या वारीबरोबर चालल्या म्हणून.

७

आता आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू: अशा लेखनाचा चांगल्या जगण्याशी काय संबंध? लेखनाने मनुष्य सुधारतो, असे विधान करण्याचे धाडस कोणी करू नये. उत्तम लेखक दुर्वर्तनी असू शकतो, आणि एक ओळही न लिहिलेली माणसे उत्तम रीतीने जगतात. तथापि लेखन आणि जगणे यांच्या मागण्या एका ठिकाणी एकत्र येतात. समोरची वस्तू किंवा व्यक्ती माझ्या उपयोगासाठी नाही, तिला तिचे स्वतःचे चलनवलन आहे, हे ओळखणे दोहोंनाही आवश्यक असते. छत्रीचे निमित्त करणारा लेखक आणि माणसांचे निमित्त करणारा गृहस्थ यांचा दोष एकच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. माहेरचे कडक सोवळे-ओवळे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा लहरी स्वभाव, १८९५ मधील त्यांचे धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट, पुनर्मीलन, दारिद्र्य, प्लेग: यांतील एकेक प्रसंग दुसऱ्या एखाद्या लेखकाला आयुष्यभराच्या कडवटपणाला पुरला असता. लक्ष्मीबाई ते सर्व सांगतात, काहीही झाकत नाहीत, आणि तरीही पतीला आपल्या दुःखाचे केवळ कारण म्हणून वापरीत नाहीत. टिळक त्यांच्या पानांतून पूर्ण माणूस म्हणून वावरतात: विक्षिप्त, उदार, असह्य आणि प्रेमळ. स्वतःची फजिती सांगताना बाईंना जे हसू येते तेच त्यांच्या न्यायबुद्धीचे गमक आहे. हे गद्य घडविण्यासाठी त्यांच्यापाशी औपचारिक शिक्षणाचे भांडवल फारच थोडे होते. होते ते माणसांना बघण्याचे, दोन्ही अर्थांनी बघण्याचे, आयुष्यभराचे वळण. हे वळण आधी जगण्यात आले आणि मग वाक्यात उतरले.

८

या विवेचनाचा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन तऱ्हांनी उपयोग व्हावा. ज्यांना टीकालेखन करावयाचे आहे त्यांनी नित्यविषयक लेखनाची तपासणी करताना ‘विषय साधा असून आशय गहन आहे’ यांसारख्या ठोकळेबाज शेऱ्यांवर समाधान मानू नये. या वस्तूशी लेखकाला कशाने बांधले आहे? तिचे काम कसे चालते हे त्याला माहीत आहे काय? वस्तू बदलली तर लेखन टिकते काय? लेखकाने तिच्यातील गैरसोयीची बाजू टाळली आहे काय? हे प्रश्न विचारले तर ललितनिबंध, ग्रामीण कथा, आत्मकथन आणि स्त्रियांच्या ओव्या यांचे मूल्यमापन एका समान भूमीवरून करता येईल. आज आपण त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून प्रत्येकाला वेगळा गज लावतो.

ज्यांना स्वतः लिहावयाचे आहे त्यांनी वही अवश्य बाळगावी. परंतु आज काय सुंदर दिसले, याऐवजी आज आपण कशाची काळजी वाहिली, हे तिच्यात आधी लिहावे. वसतिगृहातील आजारी सोबती, घरी पाठवावयाचे पैसे, शिकवणीची मुले, आजीचे औषध, गॅलरीतील कुंडी, जोडावयाची दुचाकी: यांविषयी आपल्याला जी नेमकी माहिती असते ती दुसऱ्या कोणालाही नसते, आणि तिच्यासाठी वापरात असलेले शब्दही पुष्कळदा कोशात सापडत नाहीत. असे शब्द आधी जमवावेत. कल्पना मागाहून आल्या तरी चालतील.

विभागाच्या दृष्टीने यातून एक कामही निघते. जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे कार्य झाले. परंतु जाते थांबल्यानंतर स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या कामांभोवती कोणती भाषा तयार झाली, याची नोंद जवळजवळ झालेली नाही. ऊसतोडणीच्या फडात, रुग्णालयातील रात्रपाळीत, पोळ्या लाटणाऱ्या बायांच्या गटात, लोकलच्या महिला डब्यात भाजी निवडता निवडता काय बोलले जाते, कोणत्या म्हणी नव्याने पडतात, कोणती नावे ठेवली जातात? प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याच घरातील किंवा आळीतील एका कामापासून आरंभ करावा. वर्षभर त्या एकाच कामाकडे परत परत जावे, आणि शक्य असेल तेथे ते काम स्वतःच्या हाताने करावे. त्यातून कदाचित काव्य हाती लागणार नाही. पण घरात कोण कोणाला बघते, हे त्याला नक्की कळेल. आणि ते कळल्यावाचून मराठीत बघण्याविषयी काही लिहिता येईल, असे वाटत नाही.